आली टकटक

माझं नाव सुमन. पण कॉलेजात होते ती वर्षं गावात मला या नावानं कुणी ओळखत नव्हतं. मी वळणावर दिसायच्या आधीच चावडीवरची रिकामटेकडी माणसं म्हणायची, "आली टकटक," आणि फिदीफिदी हसायची. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यातले निम्मेअधिक आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असं माझी सून मला शिकवते. मी तिला म्हणते, तू नको बोलू, तुला कुणी टकटक म्हटलेलं नाही.

सायकल आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते पलटणीत होते आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. मॅट्रिक झाल्यावर मला कराडच्या कॉलेजात सायन्सला घालायचं त्यांनी ठरवलं, आणि जाताना आपली काळी, उंच, दांडीची सायकल माझ्या हातात दिली. सगळ्यांसमोर सांगितलं, "ही सुमीची. हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." अंबाल्याहून आणलेला सलवार-कमीजही दिला, कारण साडी नेसून त्या दांडीवरनं टांग टाकणं शक्य नव्हतं. गावानं सायकलीपेक्षा त्या सलवारीचाच जास्त धसका घेतला. सायकलीची गादी अगदी खाली बसवली तरी माझे पाय जेमतेम पायडलला टेकायचे, तेही चवड्यावर. एक पाय खाली गेला की मी एका अंगाला कलायची, दुसरा गेला की दुसऱ्या. असं लटपटत मी उसाच्या मधल्या वाटेनं निघायची, मलकापूर ओलांडायची आणि कॉलेजला पोचायची. लांबून बघणाऱ्याला हसू येत असणारच. पण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते.

आई मी नऊ वर्षांची असताना गेली. घरात आबांचे धाकटे भाऊ, त्यांना मी तात्या म्हणायचे, आणि त्यांची बायको हौसाबाई, म्हणजे माझी काकी. काकीचं माहेर म्हसवडच्या पलीकडं. तिकडं मेंढरं राखणारी, पावसाची वाट बघणारी माणसं. आमच्याकडं पाटाचं पाणी आणि ऊस, त्यामुळं आमच्या भावकीतल्या बायका तिला तोंडावर "दुष्काळी" म्हणायच्या. त्यात तिला मूल नव्हतं. मग तर काय, बोलायला कुणालाच काही कमी पडायचं नाही. काकी उलट बोलायची नाही, भांडी आदळायची. सकाळी म्हशीची धार काढताना चरवी आदळायची, दुपारी परात आदळायची, आणि संध्याकाळी मी घरी आले की माझ्या पानात भाकरी आदळायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण काकी काय आदळतेय त्यावरनं किती वाजले ते कळायचं. मला ती आवडत नव्हती आणि मी तिला आवडत नव्हते, हे मी इथं सरळ लिहून टाकते. तिच्या हाताची भाकरी मात्र, खोटं कशाला बोलू, पुन्हा कुठं मिळाली नाही. पदरासारखी पातळ, वरचा पापुद्रा सुटलेला, आणि बरोबर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा. आधी ती दुरडीतली गार भाकरी द्यायची. मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर रोज तव्यावरची ऊन ऊन मिळायला लागली. मी कशाला विचार करतेय? चार मैल सायकल हाणून आलेलं माणूस आधी खातं.

आवाजही त्याच दसऱ्यानंतर सुरू झाला. खंडेनवमीला आमच्याकडं कोयते, कुऱ्हाडी, पाण्याचं इंजिन, सगळं धुऊन मांडत. त्यात माझी सायकलही होती. काकीनंच ती चिंचेनं घासली, हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ बांधली. गादीला तिनं जुन्या चिंध्यांचं एक कव्हरही शिवलं, लाल झालर लावून, आणि खालनं नाडीच्या इतक्या गाठी मारल्या की बैलाला ओढून तुटल्या नसत्या. मला त्या झालरीची लाज वाटली. पण सणाच्या दिवशी कुठं वाद घाला म्हणून गप्प बसले. सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी सायकल काढली आणि पहिल्याच पायडलला ऐकू आलं, टक्. पुढच्या पायडलला, टक्. कॉलेजपर्यंत टक् टक् टक्, येताना तेच. उतारावर पाय थांबवले की आवाज बंद. पाय मारले की पुन्हा सुरू.

कराडात स्टँडजवळ एक सायकलवाला होता, चांगला आडव्या अंगाचा माणूस. त्यानं ऐकल्याबरोबर सांगितलं, "पायडलच्या दांड्याची कॉटर, म्हंजी खिळी, सैल झालीया." कॉटर ठोकली. मग सायकलीवर बसून एक फेरी मारून आला. आवाज नाही. "बघा ताई, गेला." मी बसले. टक्. त्यानं पुन्हा कॉटर ठोकली, मधला एक्सल उघडून छर्रे बदलले, नवं ग्रीस घातलं. तो बसला की सायकल मुकी, मी बसले की टक्. शेवटी तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच तोंडानं आवाज काढतेय.

घरी तात्यांनाही तेच सापडलं. तात्यांचा पहिल्यापासून त्या सायकलीवर डोळा होता, हे गावातलं कुत्रंही सांगेल. कारखान्यावर जायला त्यांना चालायला लागायचं आणि भावाची पोरगी सायकलीवर. एक दिवस त्यांनी माझ्या हातातनं सायकल काढून घेतली, चावडीपर्यंत गेले आणि आले. तात्या अंगानं भरलेले, गादी त्यांच्याखाली कुरकुरली तेवढीच. टक् नाही. चावडीवरची मंडळी बघतच होती. तात्या उतरून मोठ्यानं म्हणाले, "दोष सायकलीत न्हाई गड्यांनो. दोष बसणारीत हाय!"

काय हशा पिकला म्हणून सांगू. मग घरात येऊन त्यांनी निकाल दिला. "सुमे, उसातनं एकली जातीस. वाटंत सायकल मोडली म्हंजी काय करशील? इज्जत कुनाची जाईल? येत्या ऐतवारपतूर आवाज काढ. न्हाई निगाला तर सोमवारपासनं सायकल मी नेनार, आन् तुझं कालेज बंद."

"आबांनी मला दिलीया ती."

"आबा हितं हाय काय?"

आबा नव्हतेच. पत्र जाऊन यायला तीन आठवडे. माझ्या हातात सात दिवस. काकी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिनं फुंकणी आदळली. मला वाटलं, हिला आनंद झालाय.

मी चिडले की माझं डोकं थंड चालतं. माझ्या नवऱ्यानं पुढं आयुष्यभर त्याचा अनुभव घेतला. कॉलेजात आमचे एक सर प्रयोगशाळेत सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कुणामुळं काय झालं ते कळेल. मी तेच धरलं. सोमवारी डबा आणि पुस्तकं कॅरिअरवर न बांधता पाठीवर घेतली. टक्. मंगळवारी घंटी काढून ठेवली आणि वाटेत दोघांना धडकता धडकता राहिले. टक्. मग चेनकव्हर काढलं, सलवारीचा पाय चेनमध्ये जाऊन फाटला, तो शिवायला काकीकडं सुई मागायची नाही म्हणून बाभळीच्या काट्यानं अडकवला. तरी टक्. मडगार्डात कागदाच्या घड्या कोंबल्या, पायातली चप्पल काढून अनवाणी पायडल मारलं, हातातल्या बांगड्यासुद्धा उतरवल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "रिकाम्या हातानं हिंडतीस, बापाच्या जिवावर उठलीस व्हय गं?" संध्याकाळी मी अंगणात सायकल उलटी करून पायडल फिरवत बसायची, कान लावून. उलट्या सायकलीतनं आवाज नाही. काकी दारातनं बघायची. एकदा म्हणाली, "सोड की नाद. जीव घेशील त्या लोखंडाचा." मी म्हटलं, "तुमाला काय करायचंय?" ती आत गेली.

शनिवारी येताना मलकापूरच्या पुढं चढ लागला. मी दमले होते, रडकुंडीला आले होते. गादीवरनं उठले आणि उभ्यानं पायडल मारायला लागले. आवाज थांबला. बसले. टक्. उठले. नाही. मी तिथंच उतरले, सायकल उसाच्या बांधाला टेकवली आणि मला माझीच चीड आली. सहा दिवस मी सगळं उघडलं होतं, ती झालरीची गादी सोडून. पायडलचा आवाजाशी काही संबंधच नव्हता. मी उंच सायकलीवर डावी-उजवी कलायची, गादी हलायची, आणि गादीबरोबर काहीतरी हलायचं. जडशीळ माणूस बसला की स्प्रिंग पूर्ण दबायची आणि ते काहीतरी आवळलं जायचं. माझ्या वजनानं ते लोंबकळत राहायचं. गाठी सुटेनात म्हणून मी त्या दातांनी तोडल्या. स्प्रिंगच्या वेटोळ्यात काळ्या दोऱ्यानं बांधलेली काळ्या फडक्याची एक पुरचुंडी होती. सोडून बघितली. आत एक बिबा, एक लोखंडी खिळा आणि कसली तरी राख.

मी सायन्सची विद्यार्थिनी होते. पण बिबा, खिळा आणि राख एका फडक्यात बघितल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या भागात वाढलेल्या कुणाचंही पळेल. मनात एकच शब्द आला, करणी. आणि कव्हर कुणी शिवलं होतं? गाठी कुणी मारल्या होत्या? सोड की नाद, असं कोण म्हणालं होतं? मला सगळं लख्ख दिसायला लागलं. चुकीचं दिसायला लागलं तेव्हाही ते इतकंच लख्ख दिसतं, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

रविवारी सकाळी तात्या ओट्यावर भावकीतल्या चौघांबरोबर चहा पीत बसले होते. मी मुद्दाम तीच वेळ धरली. पुरचुंडी त्यांच्या मधोमध टाकली आणि म्हटलं, "हा घ्या आवाज! दोष बसणारीत न्हाई. काकीनं माझ्यावर करणी केलीया."

चौघं बशा खाली ठेवून मागं सरकले. तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला. बोळातल्या बायका कधी गोळा झाल्या ते मला कळलंही नाही. काकी पिठाच्या हातांनी दारात आली.

"हौसे, ह्ये तू बांदलंस?"

"व्हय. मीच बांदलंय."

"बगा, बगा!" मागनं एक बाई म्हणाली. "स्वताची कूस उजवली न्हाई, आता लोकाच्या पोरीवर."

काकीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघितलं. "शिकलीस न्हवं गं? करणी आन् दिष्टीचा बिबा ह्यातलं तुला कळंना व्हय? सगळं गाव डोळं फाडून बगतंय तुज्याकडं, म्हून बांदला. माझ्या द्येवाचा अंगारा हाय त्यो."

"माझ्यासाठी? तुमी?" मी हसले. खरंच हसले.

"तुज्यासाठी कशाला? सायकलीसाठी. सायकल चालली तर तू सांजंपतूर घराभायेर ऱ्हातीस. तेवडाच वेळ घरात मला तुजं त्वांड बगावं लागत न्हाई."

हे असलं उत्तर तात्यांना पटणार होतं थोडंच? चार माणसांत नाक कापलं गेलं होतं. त्यांनी काकीचा दंड धरला, "चालती हो म्हायेरला," म्हणाले. ती तशीच पिठाच्या हातांनी आत गेली, एक गाठोडं घेऊन बाहेर आली. जाताना परातीतलं मळलेलं पीठ तिनं झाकून ठेवलं होतं, ते मी नंतर बघितलं. मी जिंकले होते. त्या दुपारी मी सायकलीवरनं गावातनं चक्क दोन फेऱ्या मारल्या, एकसुद्धा टक् न करता.

सोमवारी सकाळी दप्तर घेऊन निघाले तर तात्या दारात. "कुटं?"

"कॉलेजला. आवाज काढला की मी."

"आन् धार कुनी काडायची? भाकरी कुनी थापायची? तुझा बा?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. इतकी वर्षं मी सकाळी उठून निघत होते ते कुणाच्या जिवावर, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. आवाज गेला, काकी गेली आणि काकीबरोबर कॉलेजही गेलं. सायकल तात्या कारखान्यावर घेऊन गेले. मी चुलीपुढं बसले. म्हशीनं दोनदा लाथ मारली. माझ्या भाकऱ्या काठाला जळायच्या, मधे कच्च्या राहायच्या, आणि तात्या चावून चावून जबडा धरून बसायचे. दहा दिवसांत आम्ही दोघं एकमेकांकडं खाऊ की गिळू असं बघायला लागलो. कॉलेजात परीक्षा तोंडावर आली होती.

अकराव्या दिवशी मी तात्यांना न सांगता एस.टी.नं म्हसवड गाठलं आणि पुढं चालत काकीचं माहेर. मी काही प्रेमानं गेले नव्हते. मला माझं कॉलेज हवं होतं. ती मेंढवाड्यापाशी मेंढरांना पाणी दाखवत होती. मला बघून तिनं बादली आदळली. तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"कशाला आलीस?"

"चला घरी."

"भाकरी जमंना व्हय?"

"न्हाई जमत."

तिनं आत नेऊन मला प्यायला हुलग्याचं ऊन माडगं दिलं आणि बाजरीची भाकरी, आणि मी खात असताना माझ्याकडं पाठ करून बसली. तशीच पाठमोरी म्हणाली, "माफी मागू नगंस. मला तुझी माफी नगं. ज्यांच्यापुढं थुकलीस त्यांच्यापुढंच चाट. मग त्यांनी यावं मला न्यायला. आन् ती पुरचुंडी आपल्या हातानं परत बांद. जिथं हुती तिथं."

"आवाज येतो की तिचा. गाव हसतंय मला."

"हसू दे. मला बरं पडतंय. आवाज आला की कळतं, चावडीपाशी आली भवानी. त्वांड वाकडं करून बसायला येळ घावतो."

पुढचा रविवार मला आयुष्यात सगळ्यात जड गेला. तेच चौघं, तोच ओटा, तोच चहा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काकीनं करणी केली न्हवती. दिष्टीचा बिबा हुता. मी खोटं बोलले. तात्या, तुमी म्हनला ते खरं हुतं. दोष बसणारीतच हुता." बोळातल्या बायकांना मोठ्यानं सांगितलं, "तुमी बी ऐका." चौघांनी बशा तोंडाला लावल्या. करणीची बातमी जितक्या वेगानं पसरली होती तितक्या वेगानं ही पसरली नाही, आणि काही बायका शेवटपर्यंत काकीला हळदीकुंकवाला बोलावत नव्हत्या. ते माझं पाप. ते मी पुसू शकले नाही, आणि आज लिहून पुसलं जाईल असंही नाही.

तात्यांचा जबडा मात्र दुसऱ्याच दिवशी म्हसवडच्या गाडीत बसला. काकी आली, गाठोडं ठेवलं, पहिल्यांदा चुलीतली माझी राख काढून बाहेर फेकली, भाकरी थापल्या आणि तात्यांना वाढताना म्हणाली, "आवं, सायकल तिची हाय. थोरल्यांनी समद्यांम्होरं सांगितलंया. उद्यापासनं तुमी चालत जावा." तात्यांनी ऊन भाकरीचा घास तोंडात घातला होता. त्यांनी दुसरा घास मोडला.

मी अंगणात बसून पुरचुंडी बांधली. काकी वरून बघत होती. मी घट्ट आवळायला लागले तर म्हणाली, "इतकी नगं. जरा ढिली असू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टक् टक् करत आले. चावडीवरनं कुणीतरी ओरडलं, "आली टकटक!" आणि सगळे हसले. मी सायकल भिंतीला लावली, पाय धुतले, आत गेले. काकीनं तोंड वाकडंच केलं होतं, कबूल केल्याप्रमाणं. पण तव्यावर भाकरी नुकतीच टम्म फुगत होती. गेल्या दसऱ्यापासून ती रोज अशीच, मी दारात पाय टाकताना फुगत होती. मी तव्याकडं बघितलं, मग काकीकडं. चावडीपासून आमच्या दारापर्यंत सायकलीला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात एक भाकरी थापून तव्यावर पडते.

तिनं ती उचलली आणि माझ्या पानात आदळली.